ओ-यू-जी-एच गावचे शब्द

माझ्या वडिलांच्या वहीत एक पान होतं. त्याच्या माथ्यावर लाल पेनाने चार इंग्रजी अक्षरं लिहिलेली: ओ, यू, जी, एच. खाली पट्टीने आखलेले तीन रकाने. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात देवनागरीत त्याचा उच्चार, तिसऱ्यात अर्थ. पानातला प्रत्येक शब्द असा, की त्यात ही चार अक्षरं ह्याच क्रमाने येतात. अशी पानं पुष्कळ होती. आय-जी-एच-टीचं एक, के आणि एन एकत्र येतात त्यांचं एक. पण वडिलांचा खरा जीव ह्या पानावर.

वडील मालवणकडचे. सोळाव्या वर्षी मुंबईत आले आणि गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागले. गिरणी बंद पडली तेव्हा मी पाच-सहा वर्षांची होते. नंतर त्यांना मुलुंडच्या एका इंग्रजी शाळेच्या ग्रंथालयात काम मिळालं. पुस्तकं पुसायची, कपाटात लावायची, मुलं घेऊन गेली की नोंद करायची. पुस्तकांची नावंच वाचता येईनात, म्हणून ते इंग्रजी शिकायला लागले. त्यांना कोणी शिकवलं नाही. शिकायची पद्धत त्यांनी स्वतःच काढली: शब्दांना गावं वाटून दिली. ओ-यू-जी-एच हे एक गाव, आणि हे सगळे शब्द त्या गावचे.

मला शिकवताना ते म्हणायचे, एका गावचे आहेत म्हणून सगळे सारखे बोलतील असं धरू नकोस. टफ आणि रफ सख्खे भाऊ, एक कणखर आणि एक खडबडीत. कॉफ म्हणजे खोकला, आपल्या कफाजवळचा म्हणून विसरायचा नाही. पण दो म्हणजे 'जरी' आणि डो म्हणजे मळलेलं पीठ, हे दोघं शेवटची अक्षरं गिळून टाकतात. थ्रू म्हणजे आरपार, थरो म्हणजे कसून, पुरतं. बाऊ म्हणजे झाडाची जाड फांदी, प्लाऊ म्हणजे नांगर. स्लफ म्हणजे सापाने टाकलेली कात. आणि हिकप, म्हणजे उचकी, ही सगळ्यांत लबाड. ती दोन तऱ्हांनी लिहितात आणि त्यातल्या एका तऱ्हेत ह्या गावात येऊन राहते, पण बोलायला गेलं तर 'कप' म्हणते. हे सगळं मी स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून पाठ केलं. माझ्या वर्गातल्या, मोठ्या घरच्या मुली अडखळायच्या तिथे मी अडखळत नसे.

वडील निवृत्त झाले तरी ग्रंथालयातली एक सवय राहिली. दर रविवारी सकाळी चहा झाला की ते इंग्रजी पेपर मोठ्याने वाचायचे. आईला इंग्रजी कळत नाही, पण तिला तो आवाज ऐकत भाजी निवडायला आवडायचं. मी लग्न केलं नाही, ह्या घरातच राहिले, त्यामुळे तो आवाज मी आयुष्यभर ऐकत आले. म्हणूनच असेल, त्यात पहिली चूक झाली ती मला लगेच कळली.

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली गोष्ट. मराठवाड्यातल्या पाणीटंचाईची बातमी होती. दुष्काळाला इंग्रजीत ड्राउट म्हणतात, हाही त्याच गावचा शब्द. वडिलांनी वाचलं, "ड्रफ्ट."

मी हसले. मला वाटलं, गंमत करतायत. त्यांनी पेपरवरून मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"ड्राउट ना, बाबा," मी म्हटलं.

"तेच म्हटलं मी," ते म्हणाले आणि पुढे वाचायला लागले. पुढच्या ओळीत दो आला, त्याचं त्यांनी दफ केलं. थॉट म्हणजे विचार, त्याचं थफ्ट केलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच, खणखणीत आणि ठाम. कुठे अडखळणं नाही, चाचपडणं नाही. त्या गावची निरनिराळ्या आवाजांची ती सगळी माणसं एकाच आवाजात बोलायला लागली होती, आणि ते वडिलांना ऐकू येत नव्हतं. मी हसायची थांबले. आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

मी आईला सांगितलं, तर तिचं म्हणणं पडलं की चष्म्याचा नंबर वाढला असेल. मलाही तेच हवं होतं. आम्ही त्यांना स्टेशनजवळच्या चष्म्याच्या दुकानात नेलं. समोरच्या फळ्यावरची अगदी खालची, मुंगीएवढी अक्षरं त्यांनी एकही न चुकता वाचली. दुकानदार म्हणाला, ह्या वयात असे डोळे मी बघितले नाहीत, नशीबवान आहात. आई मोकळेपणाने हसली. मला मात्र घरी येताना एकच वाटत राहिलं. डोळ्यांत काही असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर काही महिने मी गप्प राहिले. ऑफिस अंधेरीला. आठवड्यातले तीन दिवस जायचं, दोन दिवस घरून काम. घरून काम असलं की वडिलांवर लक्ष राहायचं. बाकी त्यांचं सगळं नीट चाललं होतं. सकाळी फिरायला जायचे, वाट चुकत नव्हते. दिंडोशीला माझी आत्या राहते, तिच्याकडे दोन बस बदलून एकटे जाऊन यायचे. कालच्या गोष्टी त्यांना आठवत, कोणाचा फोन आला होता तेही आठवे. म्हातारपणी विसरणारी माणसं मी बघितली होती. वडील तसे नव्हते. फक्त बोलताना 'ती वस्तू', 'ते हे' असं वाढायला लागलं होतं. ते काय, आपण सगळेच म्हणतो.

दिवाळीची साफसफाई करताना मला त्यांच्या वह्या सापडल्या. एक नाही, तीन. मूळ वही जुनी झाली, शिवण सुटली म्हणून त्यांनी ती नव्या वहीत उतरवली होती, आणि ती पुन्हा तिसऱ्या वहीत. अर्थ मात्र दर वेळी बघून न लिहिता आठवून लिहिले असावेत. तिन्हींत ओ-यू-जी-एचचं पान होतं. मी जमिनीवर बसून तिन्ही पानं शेजारीशेजारी ठेवली.

जुन्या वहीत प्लाऊपुढे लिहिलं होतं: नांगर. आमचा किंजळाच्या लाकडाचा होता. दुसऱ्या वहीत त्याच जागी: शेतात वापरतात ते. तिसऱ्या वहीत: वस्तू.

बाऊपुढे आधी: झाडाची जाड फांदी, परसातल्या फणसाची होती तशी. मग: झाडाचं काहीतरी. मग: वस्तू. उचकीपुढे आधी उचकी, मग 'आजार', मग काहीच नाही. मळलेलं पीठ आधी 'खायचं' झालं आणि नंतर तेही 'वस्तू' झालं. पहिला रकाना मात्र तिन्ही वह्यांत जसाच्या तसा. एक अक्षर इकडचं तिकडे नाही, अक्षर तेच, मोत्यासारखं. तिसऱ्या वहीतल्या शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत वस्तू, वस्तू, वस्तू. मी ते पान किती वेळ बघत बसले कोण जाणे. बाहेर मुलं लवंगी लावत होती. प्रत्येक आवाजाला मी दचकत होते.

त्याच आठवड्यात एका सकाळी वडील ती वही घेऊन माझ्यापाशी आले. मी लॅपटॉप उघडून बसले होते. त्यांनी प्लाऊवर बोट ठेवलं, म्हणाले, ह्याचा अर्थ जरा सांग. मला बरं वाटलं, निदान विचारतायत तरी. मी म्हटलं, नांगर.

ते उभेच राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, "नांगर म्हणजे काय गं, बाय?"

स्वयंपाकघरात आई नारळ खवत होती. तो आवाज थांबला.

ह्या माणसाने बाराव्या वर्षापासून पावसात गुडघाभर चिखलात उभं राहून नांगर धरला होता. डाव्या पायाच्या नडगीवर फाळ लागल्याची खूण अजून आहे. मी काय सांगणार? तरी सांगितलं. बैल ओढतात, त्याने जमीन उकरतात. ते लक्ष देऊन ऐकत होते, एखाद्या परक्या देशातली गोष्ट ऐकावी तसे. शेवटी म्हणाले, "अस्सं. बरं असेल ना ते?"

आई दारात येऊन उभी होती. हाताला खोबरं लागलेलं. "तुमका नांगर म्हायत नाय?" एवढंच तिने विचारलं. वडिलांनी तिच्याकडे बघितलं आणि ओशाळून हसले. कळलं नाही की माणूस हसून वेळ मारून नेतो, तसं ते हसू होतं. त्या दिवसानंतर ते हसू आमच्या घरात कायमचं राहायला आलं.

आम्ही मेंदूच्या डॉक्टरकडे गेलो. माझ्याच वयाची बाई, घाई नसलेली. तिने आधी त्यांच्याशी गप्पा मारल्या. तारीख, वार, कुठून आलात, कसे आलात, वडिलांनी सगळं बरोबर सांगितलं. मग ती म्हणाली, एका मिनिटात आठवतील तितकी जनावरं सांगा. वडील म्हणाले, कुत्रा, मांजर. थोडं थांबले. कुत्रा. उरलेला वेळ ते मांडीवर हात ठेवून शांत बसून राहिले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकताना दिसत होता. गाय नाही, बैल नाही. उंटाचं चित्र दाखवलं, म्हणाले, जनावर. हत्तीचं दाखवलं, तेच म्हणाले.

मी पेपर वाचतानाच्या चुकांबद्दल आणि वह्यांबद्दल सांगितलं. नशिबाने बरोबर नेल्या होत्या. डॉक्टरबाईंनी तिन्ही वह्या टेबलावर ओळीने उघडून ठेवल्या आणि शेवटच्या रकान्यांवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

मग त्यांनी वडिलांना परिचारिकेबरोबर दुसऱ्या चाचणीला पाठवलं आणि आम्हाला समजावलं. म्हणाल्या, ही स्मरणशक्ती जात नाहीये, शब्दांचे अर्थ जातायत. मेंदूच्या ज्या भागात अर्थ असतात तो भाग सुकत चाललाय. मराठी जसं लिहिलं तसंच वाचतात, म्हणून मराठी वाचताना तुम्हाला कधीच कळलं नसतं. ह्या इंग्रजी शब्दांचं तसं नाही. प्रत्येक शब्द ओळखीचा असेल तरच त्याचा उच्चार जमतो. ओळख गेली की माणूस सगळे एकाच चालीवर वाचतो. म्हणून पहिल्यांदा इथे दिसलं.

मी उपाय विचारला. त्यांनी मान हलवली. पुढे काय होईल ते मात्र स्पष्ट सांगितलं. आधी लांबचे, क्वचित लागणारे शब्द जातील, मग रोजचे.

"शब्द जाऊ देत," मी म्हटलं, "माणसं तर ओळखतील ना?"

"आज ओळखतात," त्या म्हणाल्या. "पण नुसता शब्द जात नाही. ती वस्तू काय आहे, तेच जातं. माणसांचंही तसंच."

घरी जाताना रिक्षात वडील पुढे ड्रायव्हरशेजारी बसायला निघाले, त्यांना मागे आमच्या मध्ये बसवलं. आई रस्त्याकडे बघत होती. कधी नव्हे ती माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागली. म्हणाली, तिला सहा महिन्यांपासून ठाऊक होतं. कोकम आणायला पाठवलं तर वडील दुकानात उभे राहून, कोकम म्हणजे काय ते दाखवा, म्हणाले होते. दुकानदार आमच्याच गावाकडचा. त्याने तिला बोलावून सांगितलं. तेव्हापासून ती सामानाची चिठ्ठी त्यांच्या हातात द्यायची, आणि दुकानदार न बोलता पिशवीत भरून द्यायचा. हे सगळं चाललेलं मला कळू दिलं नव्हतं. मी तिच्यावर चिडले. माझ्यापासून का लपवलंस, म्हटलं. आई म्हणाली, "तुका सांगितला असता, तर ता खरा झाला असता."

वडील आमच्या मध्ये बसून दुकानांच्या पाट्या वाचत होते. मोठ्याने, एकही न चुकता.

त्यांना स्वतःला किती कळत होतं, हे मला बरेच दिवस समजलं नाही. एकदा संध्याकाळी गॅलरीत बसले असताना आपणहून म्हणाले, "आपल्या गावात बंद घरं असतात ना, तसं झालंय. घर ओळखतो मी. हाक मारतो. आत कोणी नाही." त्यानंतर बरंच काही म्हणायचं होतं त्यांना. तोंड उघडलं, पण शब्द सापडले नाहीत, आणि मग ते हसू आलं. मी त्यांचा हात धरून बसले. असं सलग, स्वतःबद्दल, ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

मी चित्रं काढून घरभर चिकटवली. कपाटावर कपड्यांचं, डब्यावर तांदळाचं. रोज सकाळी आम्ही दहा शब्द घोकायचो, जसे त्यांनी माझ्याकडून घोकून घेतले होते. ते शहाण्या विद्यार्थ्यासारखे म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. काही आठवड्यांनी आईनेच थांबवलं. म्हणाली, त्यांका दमवू नको.

वाचन मात्र थांबलं नाही. उलट वाढलं. पेपर, पाकिटं, औषधांचे डबे, पाण्याच्या टाकीवरची सूचना, जे दिसेल ते वाचायचे. दिवसभर घरात तो खणखणीत आवाज. आम्हाला त्याची सवय झाली. आवाज चालू आहे म्हणजे वडील ठीक आहेत, असं आम्ही धरून चाललो. चूक झाली ती तिथेच.

गेल्या जानेवारीत, दुपारी जेवणं झाल्यावर, मी आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. कानाला हेडफोन, पण एक कान मोकळा ठेवायची मला सवय लागली होती. वडील मोरीपाशी काहीतरी वाचत होते. मराठी होतं. "लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा." मी ऐकत होते आणि ऐकतही नव्हते. "डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवा." मीटिंगमध्ये कोणीतरी मला प्रश्न विचारत होतं. "पोटात गेल्यास घातक." प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ, जिथे थांबायचं तिथे थांबून. मग आवाज बंद झाला. मग झाकण फिरवल्याचा आवाज आला.

मी उठले तेव्हा खुर्ची मागे पडली. आई माझ्याआधी पोचली होती. फरशी पुसायच्या औषधाची बाटली वडिलांच्या एका हातात, दुसऱ्या हातात पाणी प्यायचं स्टीलचं फुलपात्र, त्यात ते निळं औषध काठापर्यंत ओतलेलं. फुलपात्र ओठांपाशी होतं. आईने हातावर फटका मारला. सगळं तिच्या साडीवर आणि जमिनीवर सांडलं. मी त्यांचं तोंड उघडून बघितलं, वास घेतला. काही गेलं नव्हतं. तरीही डॉक्टरांकडे नेलं. काही गेलं नव्हतंच.

आई तिथेच मोरीच्या उंबऱ्यावर बसून रडत होती. वडिलांना फटका कशाचा ते कळलं नाही. दुखावलेल्या चेहऱ्याने ते तिच्याकडे बघत राहिले. मग वाकले, बाटली उचलून पुन्हा वाचायला लागले. पहिल्यापासून. ही का रडतेय, ते त्यांच्या मते त्यावर लिहिलेलं असणार. घातक हा शब्द पुन्हा आला आणि पुन्हा तसाच स्वच्छ वाचून झाला.

आता घरातल्या सगळ्या बाटल्या कुलपात असतात. गॅसचा कॉक आई प्रत्येक वेळी बंद करते. मी ऑफिसला विनंती करून पूर्ण वेळ घरून काम करते; आतल्या खोलीत बसते आणि मधेमधे उठून वडिलांपाशी येते. मी डॉक्टरबाईंना एकदा विचारलं, हे घराण्यात येतं का. त्या म्हणाल्या, बहुतेक वेळा नाही. 'बहुतेक'वर मी अडकले. हल्ली बोलताना एखादा शब्द चटकन सापडला नाही तर मी वाक्य तिथेच सोडते आणि तो मिळेपर्यंत दुसरं काही करत नाही. परवा झारा हा शब्द मिळायला मला अर्धी दुपार लागली. आईला विचारता आलं असतं. विचारलं नाही.

मागच्या महिन्यात तपासणीला गेलो होतो. वडील आता फार बोलत नाहीत, पण नीट बसले होते, शर्टाची वरची गुंडी लावलेली. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बोट करून विचारलं, ह्या कोण?

वडिलांनी मला नीट न्याहाळलं. मुलगी हा शब्द गेला असणार हे मला माहीत होतं, तरी मी वाट बघत होते.

"ही येते," ते म्हणाले.

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. मग आईकडे बोट केलं. आई पदर सावरून जरा पुढे सरकली, फोटो काढायला बसल्यासारखी. ह्या वेळी त्यांना विचार करावा लागला नाही.

"ही असते."

 आईने उठून त्यांच्या शर्टाची कॉलर सारखी केली, आणि आम्ही निघालो. लिफ्टची वाट बघताना वडील भिंतीवरच्या पाट्या वाचायला लागले, कुठला विभाग, कुठला मजला. आई त्यांचा आवाज ऐकत उभी होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "फुडच्या खेपेक माका काय म्हणतले, कोणाक म्हायत."

लिफ्ट आली. वडिलांना आधी आत घेतलं.